आखाडा आमचा, चितपट आम्हीच

बँकेत बावीस वर्षं काढली की माणसाचा कान तयार होतो. गवयाचा सुराला होतो, तसा आमचा थापेला. कर्जदार "येत्या सोमवारी नक्की भरतो" म्हणाला, की तो सोमवार कुठल्या पंचांगातला आहे हे आम्हांला त्याची फाइल न उघडता कळतं. आणि न कळायला काय झालं? काउंटरच्या अलीकडे बसून आम्हीही रोज एक थाप मारतच असतो. "सर्व्हर डाऊन आहे." फार गुणी वाक्य आहे हो हे! यात कुणाचीच चूक नसते. सर्व्हर कुठे असतो, तो डाऊन कशाने होतो, वर कधी येणार, हे ना गिऱ्हाइकाला ठाऊक, ना आम्हांला. गिऱ्हाईक सुस्कारा टाकून बाकावर बसतं आणि आम्ही चहा मागवतो.

म्हणूनच 2024 च्या ऐन दिवाळीत न्यूझीलंडने आपल्या कसोटी संघाला आपल्याच घरात 3-0 असं धुतलं, आणि 2025 च्या नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेने उरलासुरला रंग 2-0 असा खरवडून काढला, तेव्हा टीव्हीवरची सूटबुटातली मंडळी गंभीर चेहऱ्याने "संघ संक्रमणावस्थेतून जात आहे" असं म्हणायला लागली आणि मी तिथल्या तिथे ओळखलं. अरे, हे तर आमचंच वाक्य! नुसता कोट घालून आलंय.

संक्रमण म्हणे. आमच्याकडे संक्रांत वर्षातून एकदा येते आणि त्या दिवशी आपण तिळगूळ वाटतो नि आपणही खातो. यांच्याकडे ती बारा महिने, आणि तिळगूळ खातो फक्त पाहुणा.

मी पडलो कॉमर्सचा माणूस. मला भाषण देऊ नका, खातेउतारा दाखवा. तर उतारा असा आहे. 2013 च्या सुरुवातीपासून 2024 च्या ऑक्टोबरात बांगलादेशाला घरी पाठवीपर्यंत आपण मायदेशात ओळीने 18 मालिका जिंकल्या. या साऱ्या काळात मायदेशातल्या हरलेल्या कसोट्या किती? चार. पुणे, चेन्नई, इंदूर, हैदराबाद. त्यानंतरच्या साधारण तेरा महिन्यांत मायदेशात सात कसोट्या झाल्या आणि त्यांतल्या पाच आपण हरलो. ज्या दोन जिंकल्या त्या वेस्ट इंडीजविरुद्ध. ते बिचारे त्याच वर्षीच्या जुलैत किंगस्टनला 27 धावांत बाद होऊन आलेले. त्यांना हरवणं म्हणजे स्टाफ-लोनची वसुली. पगारातूनच कापायचं, त्यात मर्दुमकी कसली?

आता संक्रमणवाल्यांना माझा एकच प्रश्न आहे. अश्विन निवृत्त झाला डिसेंबर 2024 मध्ये. रोहित शर्मा आणि विराट कोहली कसोटीतून गेले मे 2025 मध्ये. न्यूझीलंडने आपली चटणी केली ती त्याच्या आधी, तेव्हा हे तिघेही मैदानावर हजर होते, जडेजाही होता. म्हणजे माणूस रिटायर व्हायच्या आधीच त्याच्या रिटायरमेंटमुळे काम अडलं! असा युक्तिवाद मी माझ्या बावीस वर्षांत फक्त एकदा ऐकलाय, आणि तो करणाऱ्या गृहस्थांची पुढे बदली झाली.

नाही, रोग दुसरीकडे आहे. तो खेळाडूंच्या वयात नाही, कर्णधारात नाही आणि कोचमध्येही नाही. दर पराभवानंतर कोच बदला म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन, की आमच्या शाखेत माझ्या देखत नऊ मॅनेजर येऊन गेले, पासबुक छापायचं मशीन अजून तिरकंच छापतं. रोग आहे तो खेळपट्टी 'मागवण्याचा'. आणि हा शोध मला घरात खुर्चीवर बसून लागलेला नाही. त्यासाठी मी गहुंज्याच्या उन्हात भाजून आलेलो आहे.

त्याचं असं झालं. 26 ऑक्टोबर 2024 हा पुणे कसोटीचा तिसरा दिवस आणि महिन्यातला चौथा शनिवार, म्हणजे बँक बंद. हा योग मी जुलैपासून कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवला होता. दिवाळी पाच दिवसांवर आलेली. सौ.ने माळा साफ करायचं काम माझ्या नावावर आधीच डेबिट टाकलेलं. पण "अण्णांची इच्छा आहे" हे तारण पुढे केल्यावर शनिवारची रजा मंजूर झाली, आणि सामना चौथ्या दिवशी गेलाच तर रविवारचीही, अशी तोंडी मंजुरी मिळाली.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय 76. त्यांना क्रिकेटमधलं 1971 आणि 1974 ही दोन सालं एवढी पाठ आहेत, की मधली दोन वर्षं ते काय करत होते ते आमच्या आईलाही सांगता येत नाही. 1971 ला वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला आणि इंग्लंडला त्यांच्या घरात जाऊन हरवलं. "आणि वाडेकर होते कोण? बँकेतले! स्टेट बँकेतले!" हे वाक्य अण्णा माझ्याकडे बघून अशा सुरात म्हणतात, की मीही बँकेत असून लॉर्ड्सवर का गेलो नाही याचा खुलासा मी लेखी द्यावा. मग 1974. त्याच लॉर्ड्सवर 42 सर्व बाद. विजयाची आठवण म्हणून इंदूरला काँक्रीटची भलीमोठी बॅट उभारली होती, तिला लोकांनी डांबर फासलं. "पण एक सांगतो," अण्णा म्हणतात, "त्या 42 मध्येसुद्धा सोलकर 18 वर नाबाद होता. उभा होता. बाकीचे येत-जात होते, पण एकजण उभा होता."

तर आम्ही तीन पिढ्या निघालो. अण्णा, मी आणि आमचे तेरा वर्षांचे चिरंजीव. लोकलने देहूरोड, पुढे रिक्षा. डबा आत नेता येत नाही हे ठाऊक असल्यामुळे सकाळी नऊला गेटबाहेर उभ्याउभ्या पोळी-भाजी खाल्ली. भूक कुणालाच नव्हती, पण टाकायची कशी! आत जाऊन बसलो. 359 करायचे होते. जयस्वाल असा काही सुटला, की अण्णांनी डोक्यावरचा पंचा काढून हवेत फिरवला. जेवणाच्या सुट्टीला एकच गडी गेलेला. अण्णा म्हणाले, "उद्या पुन्हा यावं लागणार बरं का." मी मनातल्या मनात माळ्याला रामराम केला.

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण प्रत्यक्षातही ते थोडक्यातच आटपलं. जयस्वाल 77 वर गेला. कोहली, ज्याला बघायला चिरंजीव आलेले, 17 वर पायचीत. पंत एकही धाव न करता धावबाद. शेवटी जडेजाने 42 करून थोडी लाज झाकली आणि संध्याकाळच्या आत आपण 113 धावांनी हरलो. बारा वर्षांत मायदेशात पहिल्यांदा मालिका गेली, आणि ती जाताना बघायला मी तीन तिकिटांचे पैसे मोजलेले.

परतीच्या रिक्षात चिरंजीवांनी विचारलं, "आजोबा, हा सँटनर एवढा भारी बॉलर आहे का हो?"

"भारी आहे," अण्णा म्हणाले, "पण परवापर्यंत हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं."

आणि ते अक्षरशः खरं होतं. त्या सामन्याआधी मिचेल सँटनरने कसोटीच्या एका डावात पाच बळी कधी घेतले नव्हते. पुण्यात त्याने पहिल्या डावात 7 आणि दुसऱ्यात 6 घेतले. पहिल्या डावात कोहलीला त्याने कशावर काढलं? फुलटॉसवर! चेंडू वळणार, वळणार या धास्तीने माणूस इतका पोखरून गेलेला, की न वळलेल्या, टप्पासुद्धा न पडलेल्या चेंडूवर त्रिफळा. भूत आहे असं चार वेळा ऐकलं, की रात्री दोरीवरचा शर्टही चावायला येतो, त्यातलाच प्रकार.

त्या रात्री झोप येईना म्हणून मी गहुंज्याचा हिशेब मांडला. तोवर तिथे कसोट्या झाल्या तीनच. 2017 ला ऑस्ट्रेलिया आली. खेळपट्टी पहिल्या दिवसापासून आखाडा. आपण 105 आणि 107. ओकीफ नावाच्या डावखुऱ्या फिरकीवाल्याने दोन्ही डावांत 35 धावांत 6-6 बळी घेतले. आकडासुद्धा बदलायची तसदी घेतली नाही. हरलो 333 धावांनी. 2019 ला दक्षिण आफ्रिका आली. त्या वेळी कुणाला तरी सुबुद्धी सुचली आणि खेळपट्टी सरळ होती. आपण 5 बाद 601, कोहली नाबाद 254, आणि जिंकलो एक डाव 137 धावांनी. आणि 2024 ला पुन्हा आखाडा, पुन्हा पाहुण्यांचा डावखुरा फिरकीवाला, पुन्हा चितपट. तीन व्हाउचरं समोर ठेवली की नवशिका प्रोबेशनरही सांगेल कुठली एंट्री चुकली. पण क्रिकेट चालवणाऱ्यांत कॉमर्सचा माणूस नसावा.

बरं, ही चूकही नवी नाही. 2012 ला इंग्लंडचा संघ आलेला असताना धोनीने उघडपणे वळणाऱ्या खेळपट्ट्या मागितल्या. वानखेडेवर तशी मिळाली. तिच्यावर पनेसर आणि स्वान यांनी मिळून आपले 19 गडी काढले, पीटरसनने 186 मारले आणि इंग्लंड दहा गडी राखून जिंकलं. ती मालिका आपण हरलो, आणि तिच्यानंतरच ती 18 मालिकांची घोडदौड सुरू झाली. म्हणजे औषध बाधतं हे एकदा अंगावर पुरळ उठून कळलेलं होतं.

पुण्यानंतर लगेच मुंबई. तिथे काय झालं ते आठवलं की अजून चिरोटा घशाखाली उतरत नाही. लक्ष्मीपूजनाला सामना सुरू झाला आणि भाऊबीजेला संपला. 147 धावा हव्या होत्या, 121 वर आटोपलो. सामन्यात 11 बळी घेतले एजाझ पटेलने. हा गृहस्थ जन्माने मुंबईकर! 2021 ला याच वानखेडेवर याने एका डावात दहाच्या दहा घेतले होते. माहेरच्या माणसाला भाऊबीजेला ओवाळणी घालावी, पण ताटातल्या निरांजनासकट घर लिहून द्यावं, असं कुठल्या शास्त्रात सांगितलंय?

आमच्या काउंटरवर दर महिन्याच्या एक तारखेला एक पेन्शनर काका येतात. पासबुक भरून घेणं हे निमित्त. त्यांचं म्हणणं ऐकायला सोपं वाटतं. "अहो, इंग्लंडवाले हिरवळ ठेवतात, ऑस्ट्रेलियावाले उसळती ठेवतात, मग आम्ही आमच्या घरात फिरकी ठेवली तर तुमच्या का पोटात दुखतं?" मागे रांगेतले लोकही माना डोलावतात. (रांग अडली की चिडणारे लोक क्रिकेटसाठी अडली की चिडत नाहीत, हा अनुभव आहे.)

मी काकांना म्हटलं, "काका, वर्गात एक मुलगा हुशार आहे आणि बाकीचे यथातथा. पेपर नीट काढला तर पहिला कोण येईल?"

"हुशार मुलगा."

"आणि पेपरच फुटला तर?"

काका पासबुक घेऊन गेले. पण मुद्दा तोच आहे. आपल्या मातीत वळणारा चेंडू हा काही गुन्हा नाही. आपली जातिवंत खेळपट्टी पहिले दोन दिवस फलंदाजाला चार घास खाऊ देते, तिसऱ्या दिवशी कुरकुरायला लागते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी फणा काढते. अशा खेळपट्टीवर कुंबळे आणि अश्विन मोठे झाले, कारण तिथे नुसता चेंडू टाकून भागत नाही, फलंदाजाला फसवावं लागतं. ती कला आपल्याकडे जास्त, पाहुण्यांकडे कमी. पण पहिल्या तासापासून धुरळा उडायला लागला की कला कुणाला हवी? कुठल्याही डावखुऱ्याने चेंडू टाकावा, बाकीचं माती बघून घेते. थोडक्यात, आपल्याकडे जे दुसऱ्यापेक्षा जास्त आहे तेच आपण आपल्या हाताने रद्दबातल करतो, आणि त्याला म्हणायचं घरचा फायदा!

2001 च्या मार्चमध्ये मी टी.वाय.बी.कॉम.ला होतो. कॉस्टिंगचं पुस्तक मांडीवर आणि समोर टीव्हीवर ईडन गार्डन्स. फॉलोऑन मिळालेला. चौथा अख्खा दिवस लक्ष्मण आणि द्रविड खेळले. अख्खा दिवस, एकही गडी न गमावता! लक्ष्मणच्या 281, द्रविडच्या 180, आणि पाचव्या दिवशी शेवटच्या सत्रात हरभजनने ऑस्ट्रेलियाला गुंडाळलं. त्या परीक्षेत कॉस्टिंगला मला 39 मार्क पडले, पासाला एक कमी. मला आजतागायत त्याचा पश्चात्ताप नाही.

त्याच ईडन गार्डन्सवर 2025 च्या नोव्हेंबरात काय झालं? सामना तिसऱ्या दिवशी खलास. 124 धावा करायच्या होत्या, आपल्या झाल्या 93. गिलची मान आखडली होती, त्यामुळे एक फलंदाज कमी, हे मान्य. पण संपूर्ण सामन्यात अर्धशतक झालं ते एकच, आणि ते त्यांच्या बावुमाचं. तो माणूस उंचीने सर्वांत लहान आणि त्या दोन दिवसांत सर्वांत मोठा. हार्मरने आठ बळी घेतले. आणि सामना संपल्यावर आपल्या प्रशिक्षकांनी सांगून टाकलं, की आम्हांला हवी होती ती हीच खेळपट्टी! मला त्यांचा प्रामाणिकपणा मनापासून आवडला. आमच्याकडे कर्ज बुडाल्यावर "मीच मंजूर केलं होतं" म्हणणारा अधिकारी दाखवा आणि हजार रुपये मिळवा. पण प्रामाणिकपणा वेगळा आणि व्यवहार वेगळा. लक्ष्मणला आणि द्रविडला त्या खेळपट्टीवर सोडलं असतं, तर तेही दिवसभर खेळले असते का? खेळपट्टी इतकी वाईट केली, की चांगला फलंदाज आणि बरा फलंदाज यांत फरकच उरला नाही, आणि मग ओरड काय, तर चांगले फलंदाज कुठे गेले!

आता कुणी म्हणेल, गुवाहाटीचं काय? बरोबर आहे, ते मी लपवणार नाही. लगेच पुढची कसोटी गुवाहाटीला झाली. तिथे सूर्य लवकर मावळतो म्हणून आधी चहा आणि मग जेवण असा उलटा क्रम ठेवलेला. मला वाटतं आपल्या फलंदाजांनी तो फार मनावर घेतला. खेळपट्टी चांगली होती. आफ्रिकेने 489 केले. आपण 201 आणि 140, आणि पराभव 408 धावांनी. धावांच्या हिशेबात कसोटी इतिहासातला आपला सर्वांत मोठा. तिथे खेळपट्टीला दोष देता येणार नाही, आणि मी देतही नाही. मी म्हणतो ते वेगळंच. वर्षभर पोराला रोज सांगायचं की जमीन खचणार आहे, आणि एक दिवस त्याला फरशीवर उभं करून म्हणायचं, "पळ!" तो कसा पळेल? त्याचे पाय अजून धुरळ्यातच असतात. त्या 201 मध्ये सर्वांत जास्त चेंडू कोण खेळला ठाऊक आहे? कुलदीप यादव. गोलंदाज! 134 चेंडू, 19 धावा. ज्याला फलंदाजीबद्दल कुणी काही शिकवलं नाही, त्याला भीतीही कुणी शिकवली नसावी.

आणि हीच पोरं नालायक आहेत असं म्हणाल, तर त्याच वर्षीचा इंग्लंडचा दौरा काढा. गिलने त्या मालिकेत 754 धावा केल्या. बर्मिंगहॅमला एकाच सामन्यात 269 आणि 161. मँचेस्टरला दुसऱ्या डावात शून्यावर दोन बाद, तिथून राहुल, गिल, मग जडेजा आणि वॉशिंग्टन सुंदर असे खेळले, की 143 षटकं काढून सामना वाचवला. जडेजा आणि सुंदर दोघांचीही शतकं. आणि चारच महिन्यांनी कोलकात्यात हेच जडेजा, हेच सुंदर, सगळे मिळून 93. माणसं तीच, बॅटी त्याच. परदेशात दुसऱ्याने दिलेल्या खेळपट्टीवर आपण पाय रोवून उभे राहतो, आणि घरच्या, स्वतः मागवलेल्या खेळपट्टीवर घसरून पडतो. हे खातं बुडीत नाही, साहेब. यात शिल्लक भरपूर आहे. खातेदारच रोज येऊन, आपल्या सहीने, रक्कम काढून दुसऱ्याच्या खात्यात भरतोय.

मग उपाय? लोक म्हणतात रणजी खेळवा. खेळवा की. जानेवारी 2025 मध्ये खेळवलंच होतं. रोहित शर्मा मुंबईकडून उतरला, 3 आणि 28. मुंबईला जम्मू-काश्मीरने हरवलं, हा आनंद ज्याचा त्याने ठरवावा. कोहली बारा वर्षांनी दिल्लीकडून उतरला. गर्दी लोटली, तो 6 वर त्रिफळाचीत झाला आणि गर्दी घरी गेली. सणापुरतं सोवळं नेसल्याने कुणी वैदिक होत नाही. चार महिने नेमाने खेळलं तर रणजीचा उपयोग. पण त्याहून आधी, आणि फुकटात होणारा उपाय असा, की मायदेशातल्या पुढच्या मालिकेत कुणीही कुठल्याही क्युरेटरला फोन करू नये. जशी माती, तशी खेळपट्टी. हरलात तर पाचव्या दिवशी हरा! तेवढ्यात निदान दोन पोरं शतक करायला शिकतील, आणि आमच्यासारख्यांचे रविवारही फुकट जाणार नाहीत. (त्या रविवारी, म्हणजे 27 ऑक्टोबरला, मी सकाळी आठपासून माळ्यावर होतो. वर 1996 च्या वर्ल्ड कपची कात्रणं सापडली, ती वाचत बसलो म्हणून खालून जे ऐकावं लागलं ते इथे देत नाही.)

हे सगळं मी इतक्या तावातावाने का लिहितोय? बँकेतला कारकून, त्याला भारतीय क्रिकेटची एवढी काय पडली? तर त्याला कारण आमचे चिरंजीव आहेत.

हा मुलगा ब्लॉक करतो. दोष म्हणा, गुण म्हणा, कुणी शिकवलं नाही. लहानपणापासून चेंडू आला की पाय पुढे, डोकं खाली, आणि चेंडू तिथल्या तिथे मेलेला. अण्णांना त्यात सोलकर दिसतो. गेल्या वर्षी त्याला एका कोचिंग क्लासला घातलं. फी सांगत नाही, सौ. हे वाचणार आहे. दोन महिन्यांनी तिथल्या सरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "मुलगा शहाणा आहे, पण नुसता उभा राहतो. आजकाल उभं राहून काय करणार? त्याला म्हणावं, मार." मी म्हटलं, "सर, त्याला मारता येत नाही असं आहे का?" तर म्हणाले, "येतं. पण तो चेंडू बघून मारतो."

मला त्यांचा राग नाही आला. त्यांनी वरची मागणी बघून माल तयार ठेवलाय. वर तिसऱ्या क्रमांकावर पुजारा 2023 मध्ये शेवटचा खेळला. त्यानंतर त्या जागेवर गिल, कोहली, पडिक्कल, साई सुदर्शन, करुण नायर, मधेच वॉशिंग्टन सुंदर, असे इतके बसून गेले, की आमच्या शाखेतला डिमांड ड्राफ्टचा काउंटरही एवढे हात बघून नसेल. उभं राहणाऱ्याची जागाच जर कायम नाही, तर तेरा वर्षांच्या पोराला उभं राहायला मी कुठल्या तोंडाने सांगू? तिसऱ्या दिवशी संपणाऱ्या सामन्यात पाचव्या दिवसाची तयारी करणाराला लोक वेडाच म्हणणार.

मी सरांना काही बोललो नाही. घरी येऊन चिरंजीवांनाही बोललो नाही. पण त्याला कुणीतरी सांगितलं असावं, कारण पुढचे आठ-दहा दिवस तो आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये डोळे मिटून बॅट फिरवायचा आणि दुसऱ्या-तिसऱ्या चेंडूला बाद होऊन वर यायचा. जेवताना बोलायचा नाही. अण्णांनीही गॅलरीत बसणं सोडलं.

परवाच्या रविवारी संध्याकाळी मी पेपर वाचत होतो, तर खालून आरडाओरडा. बघतो तो गॅलरीत अण्णा उभे, एका हाताने कठडा धरलेला आणि दुसऱ्या हाताच्या बोटांवर मोजणं चाललेलं. खाली विंगमधली अकरा-बारा पोरं कमरेवर हात ठेवून वैतागलेली, आणि मध्ये, पार्किंगच्या खांबापुढे, आमचे चिरंजीव. पाय पुढे, डोकं खाली. रबरी चेंडू आला, बॅटला लागला, तिथेच पडला.

"सत्तावीस!" अण्णा ओरडले.

धावा किती, ते कुणी विचारलंही नाही आणि अण्णांनी सांगितलंही नाही. खालून एका पोराने आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून हाक मारली, "काकू, याला वर बोलवा ना! आमची बॅटिंगच येत नाहीये!"

सौ. हात पुसत गॅलरीत आली. खाली बघितलं, अण्णांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अहो, बोलवू का त्याला?"

"थांब," मी म्हटलं, "ओव्हर संपू दे."